मालनआक्काचा मनाईहुकूम

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा कशाशीच संबंध नाही पण ज्यांना चौकशीची सवय आहे अशा सर्वांस, या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, सांगलीच्या आमच्या महिला व बालक आधारगृहात नव्याने आलेल्या कोणत्याही बाईस ‘किती दिवस राहणार?’ हा प्रश्न विचारण्यास सक्त मनाई आहे. विचारणारी व्यक्ती कारकून असो, कमिटीची सदस्य असो वा प्रत्यक्ष मंत्री असो, तिला त्या दिवशी आमटी मिळणार नाही. कोरडी भाकरी मिळेल. तीही कालची.

हा हुकूम कुठल्याही फलकावर लावलेला नाही. मी तिथली लेखनिक. गेली अकरा वर्षं संस्थेचा प्रत्येक कागद माझ्या हातून जातो, आणि असा कागद मी कधी टाइप केल्याचं मला आठवत नाही. बाकीचे नियम मात्र मी स्वतः टाइप करून, काचेत घालून भिंतीवर लावले आहेत, आणि ते कुणीही पाळत नाही.

हुकूम काढणारीचं नाव मालनआक्का. आमची कोठी तिच्या ताब्यात होती. कोठी म्हणजे धान्य, तेल, साबण, चादरी, मुलांच्या वह्या आणि तापावरच्या गोळ्या, सगळंच. गेल्या मार्गशीर्षात आक्का गेली. हुकूम चालू आहे. आता तो साताऱ्याहून आलेली एक बाई राबवते, आणि तिच्या काळात शिक्षा थोडी कडकच झाली आहे.

आक्का ठेंगणी, सावळी, हाडांनी रुंद. नऊवारीचा पदर कायम खोचलेला, आणि कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की ती व्हरांड्यातून चालली की मुलांना बैल आल्यासारखं वाटायचं. त्या जुडग्यातल्या एकाही किल्लीचं कुलूप आमच्या इमारतीत नव्हतं. कोठीला कडीसुद्धा नसायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “कुलूप दिसलं की बाईला वाटतं, आपण परक्याच्या घरात हाय. आणि किल्ल्या न्हाई दिसल्या तर कमिटीला वाटतं, मी कामच करत न्हाई.”

पीठ मोजायला तिच्याकडे एक पितळी चिपटं होतं. मूठभर उंचीचं जुनं माप, एका बाजूनं चेपलेलं. घरात जेवढी माणसं तेवढ्यांचा हिशेब करून ती पीठ परातीत घ्यायची, आणि शेवटी, कमरेवर हात ठेवून क्षणभर दाराकडे बघून, आणखी एक चिपटं घालायची. ते येणारीचं. येणारी कोण, कुठली, ते कुणालाच ठाऊक नसायचं. कधी ती खरंच यायची, पोलिसांच्या गाडीतून, रिक्षातून, नाहीतर नुसतीच चालत. कधी कुणीच यायचं नाही. मग ती भाकरी फडक्यात बांधून राहायची, आणि दुसऱ्या दिवशी आक्का ती स्वतः खायची. मी तिला ताजी भाकरी खाताना फार क्वचित पाहिलं.

मनाईहुकूम मोडण्याचा मान माझ्याकडे पहिल्याच दिवशी आला. नवी साडी, नवं पेन, आणि टेबलावर सतरा रकान्यांचा प्रवेशअर्ज. अकराच्या सुमारास माण तालुक्याकडची एक बाई दारात उभी राहिली. एक मूल कडेवर, एक बोटाला, आणि पायात चप्पल नाही. मी हौशी नाटकांतून कामं करत आल्यामुळे माझा आवाज शेवटच्या रांगेसाठी लावलेला असतो. त्या आवाजात मी नाव विचारलं, गाव विचारलं, वय विचारलं. सोळाव्या रकान्यात लिहिलं होतं, ‘निवासाचा अपेक्षित कालावधी’. हे तिला कळणार नाही म्हणून मी मोठ्या मनानं सोपं करून विचारलं, किती दिवस राहणार?

बाई आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग तिनं कडेवरचं मूल वर सरकवलं आणि सरळ मागे वळून चालायला लागली.

आतून पिठानं भरलेल्या हातांची आक्का आली. तिनं आधी काय केलं असेल, तर बाईच्या कडेवरचं मूल काढून आपल्याकडे घेतलं, म्हणजे बाईला जाताच येईना. मग माझ्याकडे वळली.

“कारकूनबाई, तुमच्या घरी लेक आली की तिला टायमटेबल इचारता व्हय?”

मी म्हटलं, अहो, रकाना आहे तसा.

“मग मोकळा ठेवा त्यो. मोकळ्या रकान्यानं कोण मरत न्हाई.” आणि मग त्या बाईला, एकदम खालच्या आवाजात, ती म्हणाली, “आधी जेव. किती दिस ऱ्हाणार ते मी इचारणार न्हाई.”

हे वाक्य मी पुढं इतक्या वेळा ऐकलं, की झोपेतून उठवून म्हणायला लावलं असतं तरी त्याच चढउतारात म्हटलं असतं. आक्काही ते कधी बदलायची नाही. कॉलेजातली मुलगी येवो नाहीतर नातवंडं असलेली म्हातारी, हेच वाक्य, याच आवाजात. मला त्या दिवशी कोरडी भाकरी मिळाली. मला वाटलं, बाईला सोळाव्या रकान्याचा एवढा राग का असावा? कारण कळायला पुढं बरीच वर्षं लागली.

आता हे वाचून आक्का म्हणजे कुणी गंभीर देवीबिवी वाटत असेल तर तेही खरं नाही. तिनं सांगलीतल्या निम्म्या प्रतिष्ठित माणसांच्या वाढदिवसांच्या तारखा बदलल्या आहेत.

आमच्या गावची माणसं हात सैल सोडून देणारी, पण सगळी एकाच दिवशी. पितृपंधरवड्यात आमच्याकडे एवढी खीर यायची की मुलं खिरीचं नाव काढलं तरी पळायची. एका रविवारी सहा जणांचे वाढदिवस आले आणि सहा पातेली गुलाबजाम. सोमवारी एकही मूल शाळेत जाऊ शकलं नाही, आणि रजेच्या चिठ्ठ्यांत कारण काय लिहावं या विचारात माझी सकाळ गेली. आणि आषाढात चिटपाखरू नाही. तेलाचा डबा तळाला, साबण संपलेला, आणि मुलांच्या चड्ड्या तर कुणीच, कधीच देत नाही. चड्डीवर ‘सप्रेम भेट’ लिहिता येत नाही ना.

मग आक्कानं देणाऱ्यांची यादी काढून मला एकेकाला फोन लावायला बसवलं. फोन माझ्या हातात, बोलणार ती. हळदीचे एक मोठे व्यापारी होते. त्यांचा वाढदिवस ऐन दिवाळीतला. आक्का त्यांना म्हणाली, औंदा तुमचा वाढदिवस आषाढात ठेवा, आणि गुलाबजाम नको, पाच डबे तेल पाठवा. ते बिचारे म्हणाले, आक्का, पण माझा जन्मच दिवाळीतला.

“आवं, जन्म तुमच्या हातात न्हवता. वाढदिवस हाय की.”

त्यांनी आषाढात तेल पाठवलं. दुसऱ्या वर्षी तेलाबरोबर साबण. तिसऱ्या वर्षी आक्कानं त्यांना, माझ्या कानातली कुडी तापेल एवढ्या स्पष्ट शब्दांत, बायकांना महिन्याला काय लागतं ते सांगितलं, आणि चौथ्या दिवशी तीही खोकी आली, वर वर्तमानपत्र गुंडाळून, आणणारा ड्रायव्हर पार लाजलेला. आता त्यांच्या घरचेसुद्धा त्यांना आषाढातच ओवाळतात म्हणे.

थाळ्यांचंही तसंच. आमच्या सगळ्या थाळ्या दान आलेल्या, त्यामुळे प्रत्येकीवर टिंबाटिंबांनी कुणा ना कुणा मृताचं नाव कोरलेलं. त्यातली ‘कै. गणपतराव’ ही थाळी जरा खोलगट. तिच्यात आमटी जास्त मावते हा शोध मुलांना लागला आणि रोज भांडणं सुरू झाली. वर्षश्राद्धाला गणपतरावांच्या पत्नी जेवण घेऊन आल्या, तेव्हा एक चिमुरडी भिंतीशी बसून हमसाहमशी रडत होती. त्यांनी विचारलं, काय झालं बाळ? ती म्हणाली, चार दिवस झाले, मला गणपतराव मिळत नाहीत. बाई एकदम हसल्या, आणि हसताहसता त्यांचे डोळे भरून आले. आक्का त्यांच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, तुमी काळजी करू नका, हितं त्यांच्यावाचून कुणाचं पान हलत न्हाई. पुढच्या महिन्यात तशाच खोलगट वीस थाळ्या आल्या. सगळ्यांवर गणपतराव.

अशी ती. म्हणूनच शिऱ्याचा दिवस आला तेव्हा आमच्यापैकी कुणालाच काही समजेना.

कमिटीवर एक नव्या बाई आल्या होत्या. मनानं चांगल्या, पण उत्साह फार. त्यांनी कोठीतले गंजलेले, चेपलेले, निरनिराळ्या आकारांचे डबे बाहेर काढले आणि एकसारख्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बरण्या आणल्या. अकारविल्हे लावल्या. प्रत्येकीवर लेबल. ती लेबलं कुणी केली? मी. मोठ्या ठसठशीत अक्षरांत, निळ्या किनारीची. मला त्यांचा अभिमान वाटत होता. आक्का दारात उभी राहून सगळं ऐकत होती. एक शब्द बोलली नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाचा शिरा होता. आक्कानं सवयीनं दुसऱ्या फळीवरच्या तिसऱ्या बरणीत चिपटं बुडवलं आणि भरभरून चार मापं कढईत घातली. पंगत बसली. मुलांनी पहिला घास घेतला आणि सगळी गप्प झाली. आमची मुलं फार सोसलेली असतात, मिळालेल्या अन्नाला नावं ठेवत नाहीत. एकानं हात वर करून अदबीनं पाणी मागितलं. मग दुसरीनं. मग सगळ्या ओळीनं. कमिटीच्या बाईंनी चमचा तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा जो झाला तो मी पुढं दोन नाटकांत वापरला. शिऱ्यात साखरेच्या जागी मीठ होतं.

त्या म्हणाल्या, “आक्का, लेबल वाचता येत नाही का?”

“न्हाई,” आक्का म्हणाली. “मी कुठं शाळेत गेली?”

हे धडधडीत खोटं होतं. आक्का सातवी शिकलेली. दुपारी सामानाच्या पुड्या सोडल्या की त्यांचे कागद सरळ करून ती आम्हाला जुन्या बातम्या मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि सहा महिन्यांपूर्वीच्या निवडणुकीत कोण पडणार यावर आमच्याकडून पैजा घ्यायची. मी आठवायला लागले, तिनं शेवटची बातमी कधी वाचली? वर्ष होऊन गेलं होतं. तेव्हापासून पुडीचा कागद ती तसाच चुरगळून टाकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसले आणि काही न बोलता माझा हात तिच्या तोंडासमोर हलवला. ती खडा शोधत राहिली. बोटांनी.

“वारं घालू नका, कारकूनबाई,” ती म्हणाली. “उजेड-अंधार कळतो मला.”

काचबिंदू होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नसते. वर्षभर ती हातांच्या आठवणीवर कोठी चालवत होती. कुठला डबा कितव्या फळीवर, कुठला खाली चेपलेला, कुणाच्या झाकणाला पोचा, सगळं बोटांत होतं, आणि ते आम्ही एका दुपारात एकसारखं करून टाकलं होतं. मी म्हटलं, कमिटीला सांगूया, त्या काही वाईट नाहीत. तिनं माझं मनगट पकडलं. नको म्हणाली, ते मला पेन्शन देतील, हारतुरे देतील आणि घरी बसवतील. मी हितं नसले आणि ती आली तर?

कोण ती, मी विचारलं.

त्या दुपारी तिनं संगीची गोष्ट सांगितली. एकदाच. सांगताना तांदूळ निवडणं थांबवलं नाही.

आक्काचं सासर कडेगावच्या बाजूला. बागायती ऊस, नवरा फौजेतला, घरात तीन दीर, चारचौघांत मान. एकुलती एक मुलगी संगी, ती कवठे महांकाळकडे दिलेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. एका दुपारी संगी एकटीच एसटीनं आली. निरोप नाही, बरोबर कुणी नाही. आक्का चुलीपाशी होती. मुलगी उंबऱ्यात दिसल्याबरोबर, आपल्याकडे घरोघरी माहेरवाशिणीला जे विचारतात तेच तिच्या तोंडातून बाहेर पडलं. आलीस व्हय? किती दिस हायस?

 संगी म्हणाली, न्हाई, आजच जाते सांजच्या गाडीनं.

आणि आक्काला बरं वाटलं. हे सांगताना तिनं आवाज जरासुद्धा कमी केला नाही. मुलगी परत जाणार, म्हणजे कुणाला काही सांगावं लागणार नाही, याचं बरं वाटलं. मग रिकाम्या हातानं कशी पाठवायची म्हणून ती कामाला लागली. लाडू वळले, करंज्या तळल्या, दुरडी भरली, वर फडकं बांधलं. तीन तास. संगी भिंतीला टेकून बसून होती.

“जेवली का न्हाई, ते बी मला आठवत न्हाई. मी दुरडी भरत हुते.”

संध्याकाळी स्टँडवर आक्कानं दुरडी लेकीच्या डोक्यावर दिली. संगीनं ती एका हातानं धरली. गाडी गेली. बरोबर आलेली शेजारीण म्हणाली, मालन, संगीनं डावा हात पदरातनं भाईर का गं काढला न्हाई? तेव्हा आक्काच्या लक्षात आलं, की तीन तासांत तो हात एकदाही हललेला नव्हता. पाणीसुद्धा तिनं उजव्यानं भांडं ठेवून, उजव्यानंच ओतून घेतलं होतं.

“तीन तास माझ्या म्होरं बसली हुती, कारकूनबाई. आणि तवा मला डोळं हुतं.”

संगी सासरी पोचलीच नाही. ती विट्याला उतरली, दुरडी सीटवर ठेवून, आणि साताऱ्याच्या गाडीत बसली. मनगट मोडलेलं होतं, ते वेळेवर बसवलं नाही म्हणून वाकडंच जुळलं. साताऱ्यातल्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ती कामाला लागली, तिथंच राहिली. दुरडी कंडक्टरनं दुसऱ्या दिवशी आक्काला आणून दिली. फडक्याची गाठ तशीच होती. पुढं नवरा वारल्यावर आक्का दिरांच्या घरातून निघाली आणि आमच्याकडे भाकऱ्या करायला आली. दर दिवाळीला साताऱ्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हातात ती फडक्यात बांधलेला लाडवांचा डबा द्यायची, आणि दर दिवाळीला तो डबा परत यायचा. तीच गाठ. ते लाडू मुलांना मिळायचे, आणि त्यांना वाटायचं, आपल्याकडे दिवाळी दोनदा असते.

एवढं सांगून ती परत खडे शोधायला लागली. “एकदा माझ्या हातचं जेवली पायजे,” ती म्हणाली. “म्होरं जाऊ दे खुशाल.”

मी रडले का? हो. मोठ्यानं, नाटकात रडतात तसं, आणि आक्का म्हणाली, तांदळात पडू देऊ नका, भात खारट हुईल, शिरा झाला तेवढा बास.

त्या रात्री सगळ्या बायकांनी मिळून बरण्या रिकाम्या केल्या आणि जुने डबे होते तसे, होते तिथं लावले. कमिटीच्या बाईंना सांगण्यात आलं, की लेबलाच्या खळीला मुंग्या लागल्या. हे कुणी सुचवलं ते मी सांगणार नाही. आक्काला दिसत नाही ही गोष्ट घरातल्या प्रत्येक बाईला आणि प्रत्येक पोराला ठाऊक होती, आणि ती बाहेर कुणालाही कळली नाही. आमच्याकडे आलेल्या बायकांना घरातली गोष्ट बाहेर बोलायची नाही हेच आयुष्यभर शिकवलेलं असतं. पहिल्यांदाच त्याचा कुणाला तरी उपयोग झाला.

गेल्या दिवाळीत साताऱ्याचा डबा मी नेला. मागून घेतला. गाडीत कराडपर्यंत मी भाषण पाठ केलं. भाषण चांगलं होतं, त्यात दोन ठिकाणी विराम होते.

संगी वसतिगृहाच्या मागच्या बाजूला कणीक मळत होती. पंचेचाळिशीची, ठेंगणी, पदर खोचलेला. पाठमोरी असतानाच मी ओळखली. डावा हात मनगटापासून बाहेरच्या बाजूला वळलेला, आणि तो परात धरण्यापुरताच वापरायची. तिनं माझी दोन वाक्यं ऐकली, पहिल्या विरामालाच उठली, चहा दिला, आणि डबा माझ्या पिशवीत परत ठेवला. तिला म्हणावं, मी खाऊनपिऊन बरी हाय, म्हणाली.

मी दारापर्यंत आले, आणि जे कुणालाच न सांगण्याची मी शपथ घेतली होती ते सांगून टाकलं. तिला आता दिसत नाही, म्हटलं. कणकेतला हात थांबला. तिनं एवढंच विचारलं, की मग कोठी कोण बघतं? मी म्हटलं, तीच बघते, बोटांनी. आणि जाता जाता, म्हणजे माझं तोंड आता थांबतच नव्हतं, मी तिला मनाईहुकूमही सांगितला. कुठला प्रश्न आमच्याकडे विचारत नाहीत, आणि विचारणाऱ्याला काय मिळतं. ती हसली नाही. पाठ फिरवून पुन्हा मळायला लागली.

डबा मी आक्काच्या हातात दिला. तिनं गाठीवरून बोट फिरवलं, आणि मुलांना हाक मारली.

यानंतर महिन्याभरानं आक्काला सरकारी दवाखान्यात ठेवलं. मी रोज जात होते. नळ्या होत्या, सलाइन होतं, शेवटी तिला बोलता येत नव्हतं. ते सगळं मी पाहिलं आहे, पण आक्का म्हटल्यावर ते मला दिसत नाही. मला दिसते ती त्याच्या आधीच्या पंधरवड्यातली, कार्तिकातली एक सकाळ, अकराचा सुमार.

दारात एक बाई उभी राहिली. हातात कापडी पिशवी. मी सवयीनं अर्ज पुढं ओढला, पेन उघडलं, वर पाहिलं आणि माझं पेन तसंच राहिलं. मी तोंड उघडलं. तिनं मान हलवली. नाही.

आतून आक्कानं विचारलं, “कोण आलंय, कारकूनबाई?”

पन्नास वर्षांच्या आयुष्यात मी इतकं कमी कधी बोलले नसेन. “एक बाई आल्यात,” मी म्हटलं.

संगी कोठीच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. नव्या बायका अशाच थांबतात, आवाज न करता, त्यामुळे आक्काला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तिनं हात पुसले. फळीवर चाचपून एक थाळी काढली, खोलगट, गणपतरावांची. भाकऱ्यांच्या चवडीवरची सगळ्यात वरची भाकरी घेतली. ती त्या शेवटच्या चिपट्याची होती, नुकतीच तव्यावरून उतरलेली. आमटी ओतली आणि दाराच्या दिशेला थाळी पुढं केली.

“दोनी हातानं धर गं. गरम हाय.”

संगीनं उजवा हात लावला. मग डावाही. तो पूर्ण वळत नव्हता, थाळी कलली, आमटी काठावरून थोडी सांडली, आणि ती सावरायला आक्कानं आपला हात खाली घातला. तो बरोबर मनगटावर पडला. तिथंच राहिला. तिचा अंगठा त्या हाडावरून एकदा वर गेला, एकदा खाली आला.

तिला काय कळलं, मला सांगता येणार नाही. तिचा चेहरा दाराच्या उजेडाकडे होता आणि त्यावर काहीच हललं नाही. फक्त तिचं तोंड, इतक्या वर्षांच्या सवयीनं, नेहमीच्याच आवाजात म्हणालं, “आधी जेव. किती दिस ऱ्हाणार ते मी इचारणार न्हाई.”

आणि संगी, जी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, एकदम बोलून गेली, “मग तवा का इचारलंस, आय?”